पाय खाली जातो तेव्हा

सकाळचे साडेआठ वाजलेत. वाईहून पाचगणीला जाणारा रस्ता पसरणी घाटाला लागायच्या अलीकडे हे पत्र्याच्या शेडचं गॅरेज आहे. फेब्रुवारी असला तरी हवेत गारठा आहे. जवळच्या कुठल्यातरी रानात हळद शिजतेय, तिचा ओला, मातकट वास इथवर येतोय. आमची बारा वर्षांची छोटी गाडी शेडच्या दारात उभी आहे, आणि मिस्त्री तिच्या बॉनेटला हातही लावत नाहीत. ते ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडतात, सीटवर बसतात, चप्पल काढून बाहेर ठेवतात आणि अनवाणी उजवा पाय ब्रेकवर टेकवतात.

"ताई, काल काय झालं ते पहिल्यापासून सांगा."

मी सांगते. पाचगणीहून संध्याकाळी निघालो, मागच्या सीटवर आई होती. सुरुवातीची वळणं नीट गेली. मग एका वळणाआधी ब्रेक दाबला तर पाय नेहमीपेक्षा दोन बोटं जास्त खाली गेला. गाडीचा वेग कमी झाला, पण उशिरा. पुढच्या वळणाला पाय आणखी खाली. पटपट दोनदा दाबलं की पेडल वर यायचं. मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाही. पायथ्याला हे गॅरेज दिसलं, बंद होतं, तरी दारातच गाडी लावली आणि आम्ही रिक्षानं वाईत मावशीकडे गेलो.

"खालचा गिअर धरलात ते बरं केलंत. पण पहिल्यांदा पाय खाली गेला, तिथंच रुंद जागा बघून थांबायचं होतं," ते म्हणतात. आवाजात राग नाही, पण शब्द ठाम आहेत. "ब्रेक ऑइल कधी बघितलं होतं?"

महिन्यापूर्वी डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा लागला होता. एका ठिकाणी दाखवलं, तिथं ऑइल कमी आहे म्हणून भरून दिलं. दिवा विझला.

"ऑइल गेलं कुठं, ते बघितलं का त्यांनी?"

"नाही."

"मग ते आज आपण बघू."

इंजिन बंद आहे. मिस्त्री पेडल पाच-सहा वेळा दाबतात. इंजिन चालू असताना बूस्टर पायाला मदत करतो. त्याच्यात साठलेला व्हॅक्यूम आधी संपवायचा, म्हणजे पायाला खरं काय ते कळतं. आता ते पेडल दाबून धरतात. त्यांचा पुतण्या शेजारी उभा आहे. तो आयटीआयला मोटार मेकॅनिक करतो आणि सुट्टीच्या दिवशी काकांच्या हाताखाली शिकतो.

"ये, हातानं दाब," ते त्याला म्हणतात. मुलगा वाकून पंज्यानं पेडल दाबतो. "कसं लागतंय?"

"मऊ. गादीसारखं."

"गादीसारखं म्हणजे आत हवा. आता दाबून धर, मिनिटभर सोडू नको."

मुलगा धरून राहतो. मी आणि आई बाहेरून बघतो. पेडल एका जागी थांबत नाही. घड्याळातला तासकाटा सरकावा इतकं हळू, पण ते खाली जातंय.

"आणि हे असं बसत चाललंय म्हणजे ऑइल कुठंतरी वाट काढतंय," मिस्त्री म्हणतात. "एकतर बाहेर, नाहीतर मास्टर सिलेंडरच्या आतल्या आत. दोन्ही बघायचं."

तिसरी परीक्षा ते स्वतः करतात. पेडलवर पाय तसाच ठेवून चावी फिरवतात. इंजिन लागताच पेडल किंचित खाली येतं आणि थांबतं. बूस्टर ठीक आहे. तीन मिनिटं झाली असतील. एकही नट सैल केलेला नाही, आणि दुखणं कुठल्या घरात आहे ते पायाला कळलंय.

मी शाळेत दरवर्षी पास्कलचा नियम शिकवते. बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. सतराव्या शतकातल्या या माणसाचा नियम आमच्या फळ्यावर दोन पिस्टन आणि एका नळीच्या आकृतीत मावतो. इथं तोच नियम आईला घाटातून खाली आणतो. पाय पेडल दाबतो, तरफेमुळे जोर चार-पाच पट होतो, मास्टर सिलेंडरमधला पिस्टन ऑइलला ढकलतो आणि त्याच क्षणी चारही चाकांपाशी दाब पोचतो. द्रव दाबून आकसत नाही, म्हणून हे जमतं. हवा मात्र आकसते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पायाचा जोर आधी त्याला चेपण्यात जातो, चाकापर्यंत पोचतच नाही. मुलानं 'गादी' म्हटलं ती हीच.

आता बॉनेट उघडतं. मास्टर सिलेंडरवर पांढरट प्लॅस्टिकची छोटी टाकी आहे. बाहेरून दोन रेघा दिसतात, वरची जास्तीत जास्तची आणि खालची कमीत कमीची. ऑइल खालच्या रेघेच्याही खाली गेलंय. महिन्यापूर्वी ते वरच्या रेघेपर्यंत भरलं होतं. मिस्त्री आधी बुचाभोवतीची धूळ फडक्यानं पुसतात, मगच बूच फिरवतात. आतलं ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट आहे.

"हे कधी बदललंय?"

मला आठवत नाही. बहुतेक कधीच नाही.

"ऑइल नवीन असताना मधासारखं स्वच्छ दिसतं. हे पाणी पितं, ताई. बूच बंद असलं तरी रबराच्या होजमधून, सीलमधून हवेतला दमटपणा ओढत राहतं. गाडी चालली नाही तरी ऑइल जुनं होतं."

बुचावर डॉट ३ लिहिलेलं आहे. हे ऑइल नवं, कोरडं असताना निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हाच आकडा १४० अंशांपर्यंत उतरायला मुभा आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरत राहिलं की पॅड तापतात, ती धग कॅलिपरमधल्या ऑइलपर्यंत जाते आणि त्यातल्या पाण्याची वाफ होते. वाफही हवेसारखीच चेपते. गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल बरं झाल्यासारखं वाटतं. गाडी रात्रभर गारठ्यात उभी राहूनही आमचं पेडल मऊच आहे. म्हणजे एवढ्यावर भागणारं नाही.

मिस्त्री टॉर्च घेऊन मास्टर सिलेंडरच्या मागची बाजू बघतात, जिथं तो बूस्टरला चिकटतो. बोट फिरवतात, कोरडं आहे. पुढची दोन्ही चाकं वळवून कॅलिपर आणि रबरी होज बघतात. मुलाला पेडल दाबायला सांगून होज मुठीत धरतात, कुठं फुगतेय का ते चाचपतात. फुगत नाही, चिरलेलीही नाही. मग ते मागच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसतात आणि टायरच्या आतल्या बाजूवर टॉर्च मारतात. रिमपासून खाली एक काळी, ओली रेघ उतरलेली आहे. त्यावर धूळ बसून तिचा चिखल झालाय.

"सापडलं," मुलगा म्हणतो.

"अजून नाही. डाग सापडला. घाव आत आहे."

पुढच्या चाकांना दगड लावले जातात. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धे सैल होतात. जॅक चढतो, लगेच खाली लोखंडी घोडी सरकते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही, हा इथला नियम आहे, आणि तो मुलाला सांगावा लागत नाही. चाक निघतं. हँडब्रेक सोडलेला आहे, तरी ड्रम हलत नाही. बारा वर्षांत त्याला आत कड आलीय. मिस्त्री मागच्या भोकातून ॲडजस्टर सैल करतात, ड्रमवर हातोडीचे हलके टोले देतात, थोडं फिरवतात, पुन्हा टोले देतात. ड्रम खरडत बाहेर येतो.

आतली काळी भुकटी ते फुंकत नाहीत, हवाही मारत नाहीत. आधी पाण्याची फवारणी करून ती भिजवतात आणि ओल्या फडक्यानं टिपतात. "ही छातीत जाते," एवढंच म्हणतात. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉसही असू शकतं, हे मला ठाऊक आहे. समोरचा माणूस ते आयुष्यभराच्या सवयीनं पाळतोय.

लायनरच्या दोन चंद्रकोरींमध्ये वरच्या बाजूला अंगठ्याएवढा व्हील सिलेंडर बसवलेला आहे. त्याच्या दोन्ही टोकांना रबराच्या टोप्या आहेत. मिस्त्री पातळ पेचकसानं मागच्या टोपीची कड उचलतात. टोपीखालून ऑइलचा एक थेंब येतो, कडेवर क्षणभर थांबतो आणि ओघळतो. मागोमाग दुसरा येतो. कोणी काही बोलत नाही. महिन्याभरापूर्वी ओतलेलं ऑइल इथून गेलंय. खालचा लायनर त्यात भिजून काळा, चकचकीत झालाय. या चाकाला ब्रेक लागत होता तो नावाला.

"मग काल गाडी थांबली कशी?" आई विचारते. ती खुर्चीवर बसून सगळं बघतेय.

"आजी, ब्रेकच्या लाइनी दोन असतात," मिस्त्री जमिनीवर बोटानं चार चाकं काढतात आणि त्यांवर फुली मारतात. "ही मागची डावी पुढच्या उजवीबरोबर, ही मागची उजवी पुढच्या डावीबरोबर. वरच्या टाकीतही मध्ये पडदा आहे. एका लाइनीतून ऑइल गेलं तरी दुसरीतलं राहतं. काल तुमची एक लाइन दमली होती, दुसरीनं तुम्हाला खाली आणलं."

आई त्या फुलीकडे बघत राहते. मग हात जोडते, कोणाला ते ती सांगत नाही.

व्हील सिलेंडर खोलून मुलगा दोन छोटे पिस्टन आणि रबराच्या वाट्या कागदावर काढतो. एका वाटीची कड घासून चपटी झालीय. "काका, रबर किट टाकलं तर? स्वस्तात होईल."

मिस्त्री सिलेंडर पुसून त्याच्या हातात देतात. "आत करंगळी फिरव."

मुलगा फिरवतो. मग सिलेंडर माझ्याकडे येतो, मीही करंगळी घालते. एका बाजूला भिंत काचेसारखी गुळगुळीत आहे. खालच्या बाजूला मात्र बारीक खड्डे लागतात, खरखरीत, मिठाच्या खड्यांसारखे. ऑइलमध्ये मुरलेल्या पाण्यानं लोखंड खाल्लं. या खड्ड्यांवरून रबर दर ब्रेकला घासलं, हजारो वेळा. नवं रबरही इथं कापलंच जाणार.

"किट चांगल्या भिंतीला," मिस्त्री म्हणतात. "हिला नवीन सिलेंडर. दोन्ही बाजूंना. आणि लायनरही दोन्ही चाकांचे. ऑइल प्यालेला लायनर पेट्रोलनं धुऊन पुन्हा लावतात काही जण. तो सुकलेला दिसतो, पण तापला की पोटातलं ऑइल पुन्हा वर येतं. आणि एकाच चाकाचा बदलला तर गाडी एकीकडे ओढते."

मुलगा मोटारसायकलवरून वाईच्या बाजारात जातो. तो परत येईपर्यंत मिस्त्री उजवं चाक उघडतात. तिथला सिलेंडर बाहेरून अजून कोरडा आहे, पण टोपीखाली ओलसरपणा सुरू झालाय. ते मला दाखवतात, माझ्या होकारासाठी थांबतात आणि मगच खोलतात.

अकराच्या सुमारास नवे सिलेंडर बसतात, लायनर बसतात, स्प्रिंगा ओढल्या जातात. ड्रम घालून ॲडजस्टर असा घट्ट केला जातो की हातानं फिरवताना लायनर किंचित घासल्याचा आवाज यावा, पण ड्रम अडू नये. ही फट जास्त राहिली तरीही पाय खाली जातो, फक्त तेव्हा पेडल गादीसारखं लागत नाही.

आता हवा काढायची. या कामाला दोन माणसं लागतात: एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं चाकाशी हवा काढायचं निप्पल उघडायचं.

"तू आज निप्पलवर ये," मिस्त्री पुतण्याला म्हणतात. "ताई, तुम्ही पेडलवर बसा. गाडी तुमची आहे, पायाला ओळख होऊ दे."

मी बसते. ते पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवतात. जुन्या गाडीत रोजच्या वापरात मास्टरचा पिस्टन ठरावीक अंतरच चालतो, त्याच्या पुढच्या भागात गंज आणि मळ साठलेला असतो. पेडल तळापर्यंत दाबलं तर सील त्या मळावरून जाऊन फाटू शकतं. एक दुखणं काढताना दुसरं लावायचं नाही, म्हणून हा ठोकळा.

डॉट ३ च्या नव्या बाटलीचं सील मिस्त्री माझ्यासमोर तोडतात. उघडून ठेवलेल्या बाटलीतलं ऑइल ते वापरत नाहीत, तेही पाणी प्यालेलं असतं. इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलंही तेल यात थेंबभरही पडता कामा नये, सगळी रबरं फुगून निकामी होतात. जुनं ऑइल टाकीतून उपसून नवं भरलं जातं. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. मिस्त्री आमचं पुस्तक उघडून खात्री करून घेतात.

"दाबा… सोडा. दाबा… सोडा. दाबा, आता धरा!"

मी धरते. मागून मुलाचा आवाज येतो, "खोललं!" पायाखालचं पेडल एकदम ढिलं पडतं आणि ठोकळ्यावर टेकतं.

"टेकलं!" मी ओरडते.

"बंद केलं!"

"आता सोडा," मिस्त्री म्हणतात. या शब्दाआधी पाय उचलायचा नाही. निप्पल उघडं असताना पेडल वर आलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मला मागचं चाक दिसत नाही, मुलाला माझा पाय दिसत नाही. आमच्यामध्ये फक्त शब्द आहेत. आणखी एक फेरी, आणखी एक. दर काही फेऱ्यांनी मिस्त्री टाकी बघतात आणि नवं ऑइल ओततात. टाकी रिकामी पडली तर वरूनच हवा शिरेल.

सातव्या फेरीला ते मला उठवतात आणि स्वतः बसतात. "जाऊन बघा."

मी चाकाशी बसते. निप्पलवर पारदर्शक नळी लावलीय, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं आहे. मुलगा रिंग पाना पाव फेरी फिरवतो. नळीतून काळपट ऑइल सरकतं आणि त्यात साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागे एक येतात, बाटलीत वर चढून फुटतात. पुढच्या वेळी ते मोहरीएवढे होतात. मग नुसता फेस येतो. मग रंग फिका होत जातो. शेवटी नळीतून सोनेरी, अखंड धार येते, तिच्यात काहीच हलत नाही. मुलगा माझ्याकडे बघून हसतो आणि पाना आवळतो.

चारही चाकं होईपर्यंत एक वाजतो. एक थेंब मडगार्डवर उडतो तेव्हा मिस्त्री लगेच पाणी ओततात. हे ऑइल रंग खातं. बाहेर आलेलं काळं ऑइल मातीत न ओतता झाकणाच्या डब्यात जातं. निप्पलवर धुळीच्या टोप्या बसतात. आता मी पुन्हा सीटवर बसते. ठोकळा काढलेला आहे. मी पेडल दाबते. ते थोडं जातं आणि थांबतं. खाली दगड असावा तसं थांबतं. मी मिनिटभर धरून राहते, ते हलत नाही. इंजिन लावल्यावर किंचित खाली येतं आणि पुन्हा तिथंच ठाम उभं राहतं. मी पेडल दाबून धरलेलं असताना मिस्त्री आणि मुलगा टॉर्च घेऊन चारही चाकांपाशी एकदा आडवे होतात. सगळं कोरडं आहे.

मिस्त्री शेजारी बसतात. आधी शेडसमोरच्या मोकळ्या जागेत, मग सपाट रस्त्यावर वीसच्या वेगानं, मग चाळीसच्या. गाडी सरळ रेषेत थांबते, कुठंही ओढत नाही. मग आम्ही घाटाची दोन वळणं चढतो, गाडी वळवतो आणि उतरू लागतो. खाली कृष्णेचं खोरं उन्हात पसरलंय. "ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरायचं," ते म्हणतात. "गाडी इंजिननं रोखायची, ब्रेक वळणापुरता. न्यूट्रल कधीच नाही." पहिलं वळण येतं. मी पाय ठेवते, आणि पाय ठेवल्या जागी गाडी ऐकते.

परत आल्यावर ते बिलाच्या मागे तारीख लिहितात आणि खाली दोन वर्षांनंतरची तारीख. "किलोमीटर कितीही होवोत, या तारखेला ऑइल बदला. आणि मधेच लाल दिवा लागला तर ऑइल ओतून निघू नका. पॅड झिजले की पातळी थोडी उतरते, ते वेगळं. पण ते झिजलेत की ऑइल गळतंय, हे चाकं बघितल्याशिवाय कळत नाही."

आई पुढच्या सीटवर येऊन बसते. जुना व्हील सिलेंडर मी कागदात गुंडाळून पिशवीत ठेवलाय. सोमवारी तो नववीच्या वर्गात जाईल आणि प्रत्येक मूल त्यात करंगळी घालून बघेल.

वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे. ब्रेक बहुतेक वेळा अचानक जात नाही, तो आधी पायाला सांगतो. पेडल मऊ लागलं, नेहमीपेक्षा खाली गेलं किंवा दोनदा दाबावं लागलं, तर गाडी तिथंच थांबवा. आणि ब्रेक ऑइल कमी झालेलं दिसलं, तर ते भरण्याआधी कुठं गेलं ते शोधायला लावा.